नुसती धडधड नको, बेस पाहिजे!

गाडी सेकंड हँड चालेल, पण साउंड एक नंबर पाहिजे, ही आपल्याकडच्या पोरांची जुनी अट. वडिलांची स्विफ्ट नाहीतर काकांची वॅगनआर कधीतरी हातात येते. सोयाबीनच्या पट्टीतून मागून घेतलेले किंवा पार्टटाइम करून साठवलेले वीस-पंचवीस हजार खिशात असतात आणि पहिला खर्च ठरलेला असतो : डिकीत सबवूफर. मग लातूरला औसा रोडवर किंवा नांदेडला वजिराबादच्या बाजूला एखाद्या ॲक्सेसरीजच्या दुकानासमोर गाडी लागते आणि दोनच प्रश्न विचारले जातात. "किती वॉटचा हाय?" आणि "बारा इंची हाय का?"

दुकानदाराला दोन्ही उत्तरं पाठ असतात. संध्याकाळपर्यंत सगळं बसतं. पहिल्या दिवशी लई भारी वाटतं. आठ दिवसांनी मात्र लक्षात येतं की गाण्यापेक्षा मागची नंबर प्लेटच जास्त वाजतेय. आवाज वाढवला की बेस फाटतो, हेडलाइट ठेक्यावर मिणमिणतात आणि एखाद्या दिवशी डिकीतून जळका वास येतो. तो वास सबवूफरच्या कॉइलवरच्या लेपाचा असतो. एकदा तो आला की खेळ खल्लास. जळालेल्या कॉइलला वॉरंटी मिळणं अवघड, आणि नवी कॉइल भरून घेतलेला सबवूफर पहिल्यासारखा क्वचितच वाजतो.

अशा वेळी आपण कंपनीला शिव्या घालतो. पण बऱ्याचदा ॲम्प चांगला असतो, सबवूफरही चांगला असतो, जोडी जमलेली नसते. लग्नात पत्रिका नाही बघितली तरी निभावून जातं, इथं निभत नाही. आणि ही पत्रिका बघायला पंडित लागत नाही. शाळेत घोकलेला ओहमचा नियम आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढ्यावर काम होतं.

बेस म्हणजे नक्की काय?

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे मिरवणुकीतल्या कुठल्याही मोठ्या डब्याला 'डॉल्बी' म्हणतात. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये लंडनला कंपनी काढली, ती टेपवर येणारी खरखर कमी करण्याच्या तंत्रासाठी. नको असलेला आवाज कमी करणाऱ्या माणसाचं नाव आपण भिंती हलवणाऱ्या आवाजाला देऊन टाकलं! तुमच्या डिकीत जे बसतं त्याचा डॉल्बीशी काही संबंध नाही.

आता बेस. हलगीचा कडकडाट, ताशाची तडतड हे सबवूफरचं काम नाही, ते दारातल्या साध्या स्पीकरमधून येतं. संबळाच्या जोडीतला जो घुमतो त्याचा घुमारा, ढोलाची थाप, गाण्यातला किक ड्रम आणि बेस गिटारच्या खालच्या तारा हा सबवूफरचा इलाखा. साधारण २० ते ८० हर्ट्झ. बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते. एवढा खालचा आवाज काढायला खूप हवा ढकलावी लागते. तेवढ्याच जोरात एक सप्तक खाली जायचं तर स्पीकरच्या पडद्याला चौपट लांब हलावं लागतं. दारातला साडेसहा इंची स्पीकर म्हणूनच तिथं हात टेकतो. त्याची चूक नाही, अंगात तेवढी ताकदच नाही.

गाडीचा एक फायदा मात्र आहे. ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास भरते, म्हणजे अख्ख्या गाडीपेक्षा दुप्पट. एवढ्या छोट्या बंद जागेत खालचे सूर आपोआप चढतात. घरच्या हॉलमध्ये जो सबवूफर मवाळ वाटतो तोच गाडीत पोटात घुसतो. म्हणून गाडीत लहान सिस्टीम पुरते, आणि म्हणूनच डोंगराएवढा खर्च करायची गरज नसते.

तीन हजार वॉट? फ्यूज दाखवा

आता वॉटचा विषय. खोक्यावर ठळक अक्षरात २०००, ३००० असं लिहिलेलं असतं. हा 'पीक' किंवा 'मॅक्स' आकडा. क्षणभरासाठी, फार फार तर, कदाचित, अशा अर्थाचा. खरा आकडा 'आरएमएस'. ॲम्प सतत किती ताकद देऊ शकतो आणि सबवूफर सतत किती सोसू शकतो, ते यावरून कळतं. माहितीपत्रकात हा आकडा बारीक अक्षरात, बऱ्याचदा शेवटच्या पानावर असतो. कुठंच नसेल तर तो ॲम्प ठेवून द्या.

या आकड्यांच्या फेकाफेकीला कंटाळून अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने २००३ मध्ये 'सीईए-२००६' नावाचं मानक काढलं. १४.४ व्होल्टवर, ४ ओहमच्या लोडवर, एक टक्क्यापेक्षा जास्त विकृती न होता ॲम्प जेवढी ताकद देईल तेवढीच छापायची. खोक्यावर हे नाव दिसलं तर आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. नाव नसेल तर गावठी पण पक्की युक्ती आहे : ॲम्पच्या अंगावरचा फ्यूज बघा.

समजा, ॲम्पवर २००० वॉट लिहिलंय आणि फ्यूज आहे ३० ॲम्पिअरचा. गाडी चालू असताना बॅटरीच्या टोकांना साधारण १३.८ व्होल्ट असतात. ३० गुणिले १३.८ म्हणजे ४१४ वॉट. एवढीच ताकद सतत आत जाऊ शकते. त्यातली काही उष्णता होऊन उडते. 'क्लास एबी' जातीचा ॲम्प असेल तर साठ टक्के बाहेर पडले तरी खूप, म्हणजे अडीचशे वॉट. 'क्लास डी' असेल तर ऐंशी टक्के, म्हणजे सव्वातीनशे-साडेतीनशे. बाकीचे सोळाशे-सतराशे वॉट फक्त खोक्यावर. दुकानात उभं राहून हा गुणाकार मोठ्याने करून दाखवा, भावात लगेच फरक पडतो.

आणखी एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. वॉट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला जवळजवळ दहापट ताकद लागते. म्हणजे ३०० वॉटचा ॲम्प काढून ६०० चा बसवला तर खर्च वाढेल, बॅटरीवर भार वाढेल, आणि मागे बसलेला मित्र विचारील, "बदलला का नाय अजून?" त्यापेक्षा सबवूफरच्या माहितीत 'सेन्सिटिव्हिटी' बघा. ज्याची ३ डेसिबलने जास्त, तो अर्ध्या ताकदीत तेवढाच वाजतो.

गंजगोलाईचा धडा

सगळ्यात जास्त पोरं अडतात ती ओहमवर. खरं म्हणजे लातूरकरांना हे लगेच कळायला पाहिजे, कारण गंजगोलाईच त्यासाठी उभी आहे.

ओहम म्हणजे अडथळा. कॉइल करंटला किती अडवते त्याचं माप. आता गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात. बाजाराच्या दिवशी सगळे रस्ते उघडे असतील तर गर्दी पटापट निघून जाते. एकच उघडा ठेवला तर कोंडी. स्पीकर समांतर, म्हणजे पॅरलल जोडले की असंच होतं. करंटला जायला वाटा वाढतात, एकूण अडथळा कमी होतो. चार ओहमच्या दोन कॉइल पॅरलल जोडल्या तर दोन ओहम. उलट सिरीज जोडणी म्हणजे लातूरहून नांदेडला जाताना रस्त्याचं काम चालू असणं. चाकूरला एक डायव्हर्जन, अहमदपूरला दुसरं, लोह्याला तिसरं. सगळ्यांतून एकामागे एक जावंच लागतं, म्हणून अडथळ्यांची बेरीज होते. चार आणि चार, आठ ओहम.

हे ॲम्पला का महत्त्वाचं? अडथळा जेवढा कमी तेवढा ॲम्प जास्त करंट ओततो, म्हणून जास्त वॉट देतो. पण त्याला एक खालची मर्यादा असते. दोन ओहमपर्यंत चालणाऱ्या ॲम्पला एक ओहमचा लोड दिला की तो तापतो, लाल लाइट लावून 'प्रोटेक्ट'मध्ये जातो. सारखा तसाच वापरला तर एक दिवस कायमचा जातो.

एक हिशोब करून बघू. मोनो ॲम्प आहे. माहितीपत्रकात लिहिलंय : ४ ओहमवर २०० वॉट आरएमएस, २ ओहमवर ३२०, त्याच्या खाली नको. सबवूफर आहे बारा इंची, ३०० वॉट आरएमएस, दोन कॉइलचा. दोन कॉइलच्या सबवूफरला 'ड्युअल व्हॉइस कॉइल' म्हणतात, आणि तो ४ अधिक ४ ओहम किंवा २ अधिक २ ओहम अशा दोन प्रकारांत मिळतो. दिसायला हुबेहूब, किंमत सारखी, मॉडेल नंबरमध्ये एखाद्या अक्षराचा नाहीतर आकड्याचा फरक.

चार-चारवाला घेतला, पॅरलल जोडला, २ ओहम झाले. ॲम्प ३२० वॉट देतो, सबवूफर ३०० सोसतो. जोडी झकास. आता दुकानात चार-चारवाला संपला म्हणून दोन-दोनवाला घेतला. पॅरलल केला तर १ ओहम, ॲम्प मरतो. सिरीज केला तर ४ ओहम, ॲम्प २०० वॉटवरच थांबतो. विकत घेतलेली एक तृतीयांशपेक्षा जास्त ताकद डब्यात पडून राहते. "सारखंच असतंय ओ" असं कोणी म्हटलं तर ते सारखं नसतं, एवढं लक्षात ठेवा.

दोन सबवूफर लावायचे असतील तर कॉइल चार होतात. चार-चारचे दोन घेऊन सगळं पॅरलल केलं तर १ ओहम. प्रत्येकाच्या कॉइल आधी सिरीजमध्ये जोडून मग दोघांना पॅरलल केलं तर ४ ओहम. म्हणजे असे दोन सबवूफर २ ओहमवर आणताच येत नाहीत. दोन-दोनवाले दोन घेतले तर प्रत्येकी सिरीज ४, मग दोघं पॅरलल, २ ओहम. म्हणून आधी ॲम्प ठरवा, कागदावर जोडणीचं चित्र काढा आणि मग सबवूफर मागा. उलटं करू नका.

फोर चॅनेल ॲम्पचे दोन चॅनेल 'ब्रिज' करून सबवूफर चालवायची पद्धत आपल्याकडे फार आहे. पैसे वाचतात, त्यात वाईट काही नाही. फक्त ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनेलला अर्धाच अडथळा दिसतो. ४ ओहमचा सबवूफर त्याला २ ओहमसारखा वाटतो. म्हणून ब्रिज केलेल्या बहुतेक ॲम्पची मर्यादा ४ ओहम असते. तिथं २ ओहमचा सबवूफर लावणं म्हणजे टेम्पोत ट्रकचा माल भरणं.

छोटा ॲम्प सबवूफर जाळतो का?

कट्ट्यावर हा वाद हमखास रंगतो. "ॲम्प कमी वॉटचा लावला की सबवूफर जळतो" असं छातीठोक सांगणारे आहेत. हे अर्धं खरं आहे. ॲम्प कमी ताकदीचा आहे म्हणून काहीच जळत नाही. शंभर वॉटचा ॲम्प तीनशेच्या सबवूफरला सरळ वाजवला तर तो आयुष्यभर वाजेल, फक्त हळू.

घोटाळा होतो आपल्या हावेत. आवाज कमी वाटतो म्हणून गेन शेवटपर्यंत पिळायचा, बेस बूस्ट पूर्ण उघडायचा. ॲम्पला जेवढं व्होल्टेज देता येतं त्यापेक्षा जास्त मागितलं की लहरीचं टोक कापलं जातं, गोल डोंगराचं पठार होतं. यालाच 'क्लिपिंग' म्हणतात. पूर्ण चौकोनी झालेल्या लहरीत सरळ लहरीच्या दुप्पट ताकद असते. म्हणजे २५० वॉटचा ॲम्प पिळून पिळून ५०० वॉटपर्यंत उष्णता कॉइलमध्ये ओतू शकतो. ३०० वॉटचा सबवूफर त्याने जळेल. तोच सबवूफर ४०० वॉटच्या, पण समजून लावलेल्या ॲम्पवर सुखात राहील. म्हणून माझं मत असं, की ॲम्पचा आरएमएस सबवूफरच्या बरोबरीचा किंवा पाव हिस्सा जास्त घ्यावा आणि गेनला हात मोजून लावावा.

मोजून म्हणजे कसं? गेन म्हणजे व्हॉल्यूम नाही, हे आधी डोक्यात घ्या. स्टिरिओकडून येणारा सिग्नल आणि ॲम्प यांची उंची जुळवायचं ते बटण आहे. साधा मल्टिमीटर दोन-चारशे रुपयांत मिळतो. पॉलिटेक्निकला असाल तर लॅबमध्ये पडलेलाच असतो. सबवूफरच्या वायरी ॲम्पपासून काढा. बेस बूस्ट, इक्वलायझर सगळं शून्य. गेन पूर्ण कमी. स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांशावर. ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा. साध्या मीटरला ५० हर्ट्झ नीट मोजता येतो, कारण घरातली वीज त्याच वारंवारितेची. आता ॲम्पच्या आउटपुटला मीटर एसी व्होल्टवर लावा आणि गेन हळूहळू वाढवा.

किती व्होल्टला थांबायचं? हवे असलेले वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ३०० वॉट, २ ओहम : सहाशेचं वर्गमूळ, साडेचोवीस. मीटर २४.५ दाखवेल तिथं गेन सोडून द्या. तेच ४ ओहमवर असतं तर बाराशेचं वर्गमूळ, ३४.६ व्होल्ट. दहा मिनिटांचं काम आहे, आणि दुकानात ते क्वचितच कोणी करतं, कारण रांगेत पुढची गाडी उभी असते.

त्याच वेळी 'लो पास' फिल्टर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा, म्हणजे गायकाचा आवाज डिकीतून येणार नाही. आणि 'फेज'चं बटण असेल तर एकदा शून्यावर, एकदा १८० वर करून बघा. ड्रायव्हरच्या सीटवर बसून ज्यात बेस भरीव वाटेल ते बरोबर. खूप गाड्यांत 'बेसच नाही' ही तक्रार एवढ्याने मिटते.

डबा सुतार करील, माप तुम्ही द्या

सबवूफर उघडा ठेवला तर वाजत नाही, कारण पडद्याच्या मागची हवा पुढच्या हवेला मारते. डबा हा त्याचा अर्धा जीव. नेव्हिल थील या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरने १९६१ मध्ये आणि त्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात स्पीकर आणि डबा यांचं गणित बसवून दिलं. माहितीपत्रकात एफएस, क्यूटीएस, व्हीएएस असे जे आकडे असतात, ते या दोघांच्या नावाने ओळखले जातात. ते टाकून डब्याचं माप काढून देणारी मोफत सॉफ्टवेअर आहेत. तेवढंही नको असेल तर कंपनीने पत्रकात डब्याचे लिटर दिलेले असतात, ते पाळा.

बंद डबा लहान असतो, बेस आखीव आणि घट्ट येतो. बारा इंचीला साधारण २८-३० लिटर पुरतात. पोर्ट असलेला, म्हणजे भोकाचा डबा जवळपास दुप्पट मोठा लागतो, आवाज जास्त देतो, पण ठरावीक सुराच्या खाली पडद्यावरचा हवेचा दाब सुटतो आणि पडदा मोकाट हलतो. अशा डब्याला ॲम्पवरचा 'सबसॉनिक' फिल्टर लावलाच पाहिजे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने बंद डबा घ्यावा. चुकायला जागा कमी असते, आणि गावाकडं जाताना आईची पिशवी ठेवायला डिकीत जागाही उरते.

तयार डबे बऱ्याचदा पातळ फळीचे असतात आणि सबवूफरसोबत स्वतःही वाजतात. १८ मिलिमीटरचं एमडीएफ घेऊन ओळखीच्या सुताराकडून करून घेतलेला डबा स्वस्त आणि भक्कम पडतो. सांध्यांना डिंक भरपूर, आणि आतून कुठूनही हवा सुटता कामा नये. माप देताना सबवूफरच्या मागच्या चुंबकाची जागा वजा धरायला विसरू नका.

वायर, फ्यूज आणि मे महिना

इथं कंजूषी केली तर प्रश्न आवाजाचा राहत नाही. ३०० वॉटचा क्लास डी ॲम्प जोरात असताना २७ ॲम्पिअरच्या आसपास ओढतो, क्लास एबी असेल तर चाळीसच्या घरात. बोनेटमधल्या बॅटरीपासून डिकीपर्यंत चार-पाच मीटर वायर. शुद्ध तांब्याची ८ गेज तेवढ्याला पुरते. पण स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर असते. तांब्याच्या मानाने तिची वहनशक्ती दोन तृतीयांशच्या आसपास. वायरचं टोक चाकूने खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर एक साइज जाड घ्या किंवा परत द्या.

मुख्य फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. हा फ्यूज ॲम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो. दरवाजाखालच्या पत्र्यावर घासून कधी वायरचं आवरण कापलं गेलं, तर बॅटरीची सगळी ताकद त्या एका जागी ओतली जाते आणि कार्पेट पेटतं. फ्यूज डिकीत ॲम्पजवळ लावला असेल तर मधली पाच मीटर वायर उघड्यावरच आहे. बोनेटच्या भिंतीतून वायर जिथून आत येते तिथं रबरी बूच पाहिजे. अर्थिंग रंग खरवडून कोऱ्या पत्र्याला, आणि जेवढी आखूड तेवढी बरी. गाडी नवी असेल तर कंपनीच्या वायरी कापू देऊ नका, कपलर मिळतात. कापलेली वायर दिसली की सर्व्हिस सेंटरवाल्याला वॉरंटी नाकारायला कारण मिळतं.

हेडलाइट मिणमिणत असतील तर लोक कपॅसिटर विकायला धावतात. आधी बॅटरीची टोकं घासा, अर्थिंग तपासा. अल्टरनेटर जेवढा करंट बनवतो तेवढाच वाटला जातो, आणि त्यातला मोठा वाटा एसी, पंखा, दिवे यांचा. आपल्याकडं मे महिन्यात एसी बंद करता येत नाही.

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. नांदेडला पारा ४२-४३ वर असताना उन्हात उभ्या बंद गाडीच्या आत साठ अंश सहज होतात. ॲम्प तिथूनच सुरुवात करतो. तो कार्पेटखाली किंवा सीटखाली कोंबलेला असेल तर वीस मिनिटांत बंद पडेल. त्याला चारी बाजूंनी हवा पाहिजे, आणि सबवूफरच्या डब्यावर स्क्रूने ठोकू नका, थरथरीने आतले सांधे सुटतात. कॉइलचंही तसंच. तांबं १०० अंशांनी तापलं की त्याचा अडथळा जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढतो. अर्ध्या तासाने बेस कमी झाल्यासारखा वाटतो तो भास नसतो, कॉइल दमलेली असते. त्या वेळी आवाज वाढवणं हा सगळ्यात महागडा निर्णय.

काच बंद, तरी बाहेर धडधड

कानाचंही थोडं. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या 'नायोश' या सरकारी संस्थेची मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, १०० ला पंधरा मिनिटं. लातूर ते नांदेड दोन-अडीच तासांचा रस्ता आहे. गाडीतून उतरल्यावर कानात 'सूं' वाजत असेल तर कान तक्रार करतोय. फोनमधल्या डेसिबल ॲपवर भरोसा ठेवू नका, फोनचा माइक एवढे खालचे सूर नीट पकडत नाही.

आणि बाहेरच्यांचं काय? खालचे सूर पत्रा आणि काच भेदून निघतात, वरचे आत अडकतात. म्हणून तुम्हाला आत गाणं ऐकू येतं आणि रस्त्यावरच्या माणसाला नुसती धडधड. लातूरच्या ट्युशन एरियात किंवा नांदेडच्या भाग्यनगरमध्ये रात्री साडेदहाला नीटचे पेपर सोडवत बसलेल्या पोराच्या खोलीत ती धडधड भिंतीतून येते. तो पोरगा दोन वर्षांपूर्वी तुम्हीच होतात. गाळपाच्या हंगामात ऊसाच्या ट्रॅक्टरवर लावलेले डबे आठवा. मागून हॉर्न वाजवून गाडीवाला दमतो, ड्रायव्हरला ऐकू जात नाही, आणि मागे दोन ट्रॉल्या.

कायदाही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, रात्र म्हणजे १० ते ६. दवाखाना, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकतं, तिथं मर्यादा आणखी खाली. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाजाचे निकष मोडणाऱ्या गाडीसाठी पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्सवर पाणी अशी तरतूद आहे. वस्तीत शिरताना गेनला हात लावायची गरज नाही. बेसचा छोटा रिमोट नॉब बऱ्याच ॲम्पसोबत येतो, तो स्टिअरिंगखाली लावून घ्या.

बिल देण्याआधी

एवढं सगळं करून दुकानातून निघताना एक शेवटची तपासणी राहते. ॲम्पकडून सबवूफरकडे जाणाऱ्या दोन्ही वायरी काढा, मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि त्या टोकांना लावा. मीटर छापील आकड्यापेक्षा थोडं कमी दाखवतो, ते बरोबर आहे. तुम्हाला २ ओहम पाहिजे असतील तर १.६ ते १.८ दिसायला हवं. सातच्या आसपास दिसलं तर पॅरललऐवजी सिरीज जोडलंय. साडेतीन दिसलं तर एकच कॉइल जोडलीय, दुसरी मोकळी लोंबतेय. पैसे खिशातच ठेवा आणि डबा पुन्हा उघडायला सांगा.